पेंग्विनला आधी जाऊ द्या

सांगलीच्या विश्रामबागेत काश्मीर, केरळ आणि युरोप झालेल्या माणसाला आता कोणी विचारत नाही. मुलगा परदेशी, गुडघे अजून स्वतःचे आणि बँकेतली ठेव मुदत संपून हातात आलेली, असा योग जुळला की निवृत्त गृहस्थ थेट अंटार्क्टिका गाठतो. आमच्या शेजारचे काका यंदा निघालेत. जहाजातून नुसता बर्फ बघून त्यांचं भागणार नाही. जादा पैसे भरून ते हिमनगांमधून कयाक वल्हवणार आहेत. जन्मभर कृष्णाकाठी राहून ज्यांनी कधी वल्ह्याला हात लावला नाही, ते हे काका. बर्फ वितळून जाण्याआधी बघून घेऊ, असं ते म्हणतात, आणि त्यासाठी सांगली ते अर्जेंटिनातलं उशुआइया एवढं इंधन जाळून निघतात.

कयाक म्हणजे एक-दोन माणसांची चिंचोळी होडी. तिच्यात बसण्याआधीच्या सोहळ्याचं वर्णन आम्ही रोज संध्याकाळी ऐकतो. मानेला आणि मनगटाला घट्ट बसणारा, पाणी आत न घेणारा अंगभर पोशाख. त्यावर लाइफ जॅकेट. मग सूचना. पुढे वाटाड्या, कोणी उलटलाच तर उचलायला हाकेच्या अंतरावर रबरी मोटारबोट. हिमनगाच्या फार जवळ जायचं नाही, कारण त्याचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो आणि कूस बदलायची तर तो आधी नोटीस देत नाही. वारा वाढला की बेत रद्द.

आमच्याकडे एवढा खोळंबा नसतो. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची माणसं होडीत बसली ती जीव वाचवायला. होडीत जागेपेक्षा माणसं जास्त, अंगावर लाइफ जॅकेट नाही. होडी उलटली. बुडालेल्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. त्याच दिवसांत पूरपाहणीला आलेल्या एका मंत्र्यांचा बोटीतला हसरा व्हिडिओ राज्यभर फिरला. सांगलीत जलपर्यटनाला वाव नाही, असं कोण म्हणेल?

काकांना मात्र सगळ्यात भावली आहे ती पेंग्विनांची बडदास्त. किनाऱ्यावर एका वेळी शंभरच पर्यटक, तेही बूट जंतुनाशकात बुडवून. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. त्यांनी बर्फात पाडलेल्या पायवाटांवर माणसानं पाऊल ठेवायचं नाही. समोरून पेंग्विन आला तर थांबायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं. हे ऐकून काकूंनी विलिंग्डन कॉलेजसमोर सांगली-मिरज रस्ता ओलांडताना पांढऱ्या साडीवर काळा स्वेटर घालून पाहिला. कोणी ब्रेक लावला नाही.

परवा काका अंगणात खुर्चीवर बसून झाडूनं वल्हवायचा सराव करत होते. सांगलीवाडीचा दूधवाला फाटकाशी थबकला. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही पुरांत म्हशी घेऊन घराबाहेर पडलेला माणूस. काकांनी त्याला सगळा बेत समजावला, जहाज, बर्फ, कयाक, पोशाख. त्यानं किटली खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

"तिथं पाणी चढतंय व्हय?"

"नाही रे."

"मग होडीत कशापायी बसायचं?"