नकाराचे रत्नागिरी वाण

नकाराचे प्रकार तीन: सवयीचा, हिशेबाचा आणि तत्त्वाचा. रत्नागिरी जिल्ह्यात तिन्ही मुबलक पिकतात. पंचाईत एवढीच की हापूससारखी त्यांची पारख वासावर होत नाही, किंमत मोजायची वेळ आल्यावरच होते.

सवयीचा नकार वाडीच्या बैठकीत पाहावा. वर्गणी ठरते, माना डोलतात आणि सुपारी कातरणारा एक जण वर न बघता म्हणतो, "माझा काय म्हणना नाय, पन..." या 'पन'नंतर बैठक तासभर लांबते. त्याचा राग वर्गणीवर नसतो, न विचारता ठरवण्यावर असतो. शेवटी वर्गणी तो सर्वांआधी देतो. आपल्या स्वातंत्र्यावर गदा येतेय असे वाटले की माणूस उलट वागू पाहतो, हा सिद्धांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ साली मांडला.

हिशेबाचा नकार गडग्यापाशी भेटतो. जांभ्याचा गडगा वीतभरही सरकू न देणारा गृहस्थ अन्यायाशी नव्हे, चुलतभावाशी लढत असतो. कोर्टाच्या तारखांना मात्र तो कधी चुकत नाही.

तत्त्वाचा नकार सर्वांत महाग. रत्नागिरीत जन्मलेले टिळक मतभेदांपायी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. (त्यांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते आणि लगेच मुलांना उलट न बोलण्याची ताकीद मिळते.) सोसायटीच्याच फर्ग्युसन कॉलेजात त्यांच्या जागी गणित शिकवायला १८९१ साली आले मुरुडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे एक न ऐकणारा गेला आणि दुसरा आला. कर्व्यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. चिरंजीव रघुनाथराव आणखी पुढे गेले: संततिनियमनाचा प्रचार केला, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले.

अशी माणसे टिकतात कशी? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात रेघांची लांबी ओळखायला सांगून प्रयोग केले. बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत, तरी सुमारे चौथा हिस्सा माणसे एकदाही बधली नाहीत. खरे बोलणारा एक जरी जोडीला मिळाला, तरी इतरांचेही बधणे फार कमी झाले. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या प्रयोगात हुकमासरशी ४० पैकी २६ जणांनी विजेच्या झटक्याचे शेवटचे बटण दाबले. शेजारच्या दोघांनी आधी नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त चौघांनी. धैर्याला असा शेजार लागतो. कर्व्यांना तो घरातच होता: बहिष्कार गोदूबाईंनीही सोसला, रघुनाथरावांमागे पत्नी मालतीबाई उभ्या राहिल्या.

समाज अशांचा गौरव करतो, पण सवडीने. धोंडो केशवांना भारतरत्न मिळाले १९५८ साली, शंभराव्या वर्षी. रघुनाथराव १९५३ मध्ये, अवघ्या एकाहत्तराव्या वर्षी गेले. तत्त्वाच्या नकाराला म्हणून प्रकृतीही ठणठणीत लागते.