पहिला एअरब्रश : सर्जापूर रोडपुरते विवेचन

दाबाखालची हवा नोझलच्या तोंडाशी रंगाला गाठते, त्याचे बारीक तुषार करते आणि प्लॅस्टिकच्या मॉडेलवर ब्रशाची एकही रेघ न उमटवता पातळ थर बसवते. हे काम करणाऱ्या, मुठीत मावणाऱ्या हत्याराला एअरब्रश म्हणतात. बंगळुरात सर्जापूर रोडवर तो घेण्याचा निर्णय बहुधा इब्लूरच्या सिग्नलला होतो, कारण विचार करायला तिथे वेळ भरपूर मिळतो.

या भागातल्या मराठी माणसाला विमानांचा नाद लागण्यास परंपरेचा भक्कम आधार आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. आजच्या एचएएलचे ते मूळ. फरक एवढाच, की वालचंदांनी विमाने पूर्ण मापाची करायला घेतली आणि त्यांना ती शोकेसमध्ये बसवायची नव्हती. पुढे याच एचएएलमध्ये कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने मारुत हे लढाऊ विमान घडवले; ते जून १९६१ मध्ये प्रथम उडाले. खरा मारुत एचएएलच्या संग्रहालयात जवळून पाहता येतो. त्याच्या पंखांचा विस्तार ९ मीटर. १/७२ मापात तो साडेबारा सेंटिमीटर भरतो. एअरब्रशच्या खरेदीचा हिशेब या साडेबारा सेंटिमीटरांपासून सुरू करावा. लोक तो ब्रँडपासून सुरू करतात.

एवढ्याशा अंगाला ०.३ मिलिमीटरची नोझल पुरते. ०.२ ची नोझल अतिनाजूक कामाची. नवशिक्याच्या हाती ती रंगवते कमी आणि तुंबते जास्त. ०.५ ची प्रायमरला आणि मोठ्या रणगाड्यांना ठीक. ट्रिगर डबल अ‍ॅक्शन असावा, म्हणजे खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. सुरुवात हवेने करायची आणि शेवटही हवेनेच. हा क्रम चुकला की पंखावर शिंतोडे उडतात. रंगाचा कप वर असलेला घ्यावा. रंग आपल्या वजनाने खाली उतरत असल्याने कमी दाबात आणि थोडक्या थेंबांत काम भागते. खाली बाटली लटकणारा प्रकार मोठ्या पृष्ठभागांसाठी असतो.

जपानची इवाटा, जर्मनीची हार्डर अँड स्टीनबेक, अमेरिकेची बॅजर ही नावे जाणकार आदराने घेतात. यांचे सुटे भाग वर्षानुवर्षे मिळतात, हा त्यांचा खरा गुण. बिननावाचा स्वस्त एअरब्रशही रंग उडवतो. मात्र त्याची सुई वाकली की बहुधा अख्खे हत्यारच बदलावे लागते.

नवखा माणूस एअरब्रशवर पैसे ओततो आणि त्याला हवा पुरवणाऱ्या काँप्रेसरची बोळवण उरल्यासुरल्यावर करतो. व्हायला हवे उलट. गाडीच्या डिकीतला टायरचा पंप चालेल का, हा प्रश्न मराठी घरात निघतोच. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते ऐकूनही पंप एकदा वर आणलाच जातो. त्याची हवा धक्क्याधक्क्याने येते आणि १५ ते २० पीएसआयचा सौम्य दाब धरून ठेवणे त्याला जमत नाही. एक-षष्ठांश किंवा एक-पंचमांश अश्वशक्तीचा, तीनेक लिटरच्या टाकीचा, रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप असलेला काँप्रेसर घ्यावा. टाकीमुळे दाब स्थिर राहतो. शिवाय टाकी भरली की यंत्र गप्प बसते आणि खालच्या मजल्यावरून येणारा इंटरकॉमही. पावसाळ्यात दाबलेल्या हवेतले बाष्प पाणी होऊन साचते. ते ट्रॅपमधून वेळच्या वेळी सोडले नाही तर मारुतावर पावसाचे थेंब खरेच दिसतात.

नळीचे आटे हा वेगळाच सापळा. बहुतेक एअरब्रशना एक-अष्टमांश इंचाचे आटे असतात, पण बॅजरचे आटे स्वतःचे. अडॅप्टर खरेदीतच मागून घ्यावा. नाहीतर त्या इंचभरही नसलेल्या पितळी तुकड्यासाठी एस. पी. रोडच्या बाजाराची वारी घडते, आणि शनिवारी सर्जापूर रोडहून एस. पी. रोडला निघालेला माणूस रंगवायला रविवारीच बसतो.

आता रंग. लॅकर सर्वांत गुळगुळीत बसतो, पण त्याचा वास बंद फ्लॅटमध्ये सासुरवाडीच्या मंडळींनाही परतवून लावतो. एन-९५ मास्क कण अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. तिच्यासाठी कार्ट्रिजचा रेस्पिरेटर आणि बाहेर हवा फेकणारा पंखा लागतो. बाल्कनीत जावे तर सर्जापूर रोडची धूळ ओल्या रंगावर येऊन बसते आणि विमान आपोआप जुनाट दिसू लागते. तेव्हा सुरुवात अ‍ॅक्रिलिकने करावी, पंखा तेव्हाही लावावा. टामियाचा अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलशी जुळतो. त्याचा एक्स-२०ए थिनर सोबतच घ्यावा. स्पेनच्या वायेहोचा अ‍ॅक्रिलिक पाण्याच्या कुळातला, वासाला सोज्वळ. मात्र तो सुईच्या टोकावर लवकर वाळतो आणि त्याला रिटार्डरचे दोन थेंब द्यावे लागतात. पहिल्या वर्षी एकाच कुळाशी एकनिष्ठ राहावे.

रंग किती पातळ करायचा, याचे उत्तर जगभरचे जाणकार ‘दुधाइतका’ असे देतात. त्यांना एकाच प्रकारचे दूध ठाऊक असावे. म्हशीचे की गायीचे, सायीसकट की साय काढून, हे ते सांगत नाहीत. बंगळुरात हा वाद मिटवायला नंदिनीचे निळे पाकीट आहे: त्यातले टोन्ड दूध हेच प्रमाण मानावे. ढवळलेला रंग कपाच्या आतल्या भिंतीवर काडीने चढवून पाहावा. तो खाली ओघळताना मागे अर्धपारदर्शक पातळ थर राहिला तर जमले. डाग तिथेच चिकटून बसला तर थिनर कमी. भिंत स्वच्छ उघडी पडली तर जास्त. वायेहोत अल्कोहोल ओतले तर रंग चक्क फाटतो. त्याचा स्वतःचा थिनर नसेल तर पाणी चालते, पण टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेला डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घरात असतोच.

छटांच्या बाबतीत संयम हवा. याच कुर्ट टँकच्या फोक-वुल्फ १९० या विमानाला आरएलएम ७४, ७५ आणि ७६ अशा क्रमांकांच्या तीन छटा लागतात. त्यांवर जाणकारांत भांडणे होतात. घरातल्यांना तिन्ही करड्याच दिसतात. काळा, पांढरा, एक करडा, एक हिरवा आणि प्रायमर एवढ्यावर पहिली दोन-तीन विमाने निभावतात.

रंगवण्याइतकाच वेळ धुण्यात जातो, हे दुकानदार सांगत नाही. प्रत्येक रंगानंतर कप पुसावा, थिनर भरून तो स्वच्छ येईपर्यंत फवारावा, सुई हलक्या हाताने ओढून टिशूने टोकाच्या दिशेने पुसावी. नोझल उघडण्याआधी बेसिनचे बूच लावावे. नखावर मावणारा तो भाग जाळीतून गेला की प्लंबरही हात टेकतो. म्हणून पहिल्याच ऑर्डरमध्ये एक जादा नोझल आणि एक जादा सुई मागवून ठेवा.