लिंकरसाहेबांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. लिंकरसाहेब ऊर्फ एलडी यांस,



‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’च्या पुस्तकात सर्वांआधी बांधायचे पॅकेज म्हणजे बिनयुटिल्स, अर्थात दस्तुरखुद्द आपण. पुढे आपल्याला आणखी दोनदा बांधावे लागते. पहिल्या खेपेला आपण जेवढा वेळ खाता, तेच बाकीच्या पॅकेजांचे माप. इतका मान मिळाल्यावर एखादा सैलावला असता. आपण नाही.

आपले बोलणे किती मोजके! ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस.’ नवखी मंडळी हीच ओळ इंटरनेटवर शोधत बसतात. काम फसले, यापलीकडे तिच्यात काही नाही, हे त्यांना कोण सांगणार? खरी तक्रार वर कुठेतरी असते. आणि मेकला एकदम आठ कामे दिलेली असली, तर ती भलत्याच फायलींच्या गर्दीत हरवते. मग मेक एकेरी चालवायचे आणि पहिला एरर गाठायचा. पहिलाच, खालचे बहुतेक त्याच्याच गोतावळ्यातले.

शिस्तीत मात्र आपण कचेरीतल्या कारकुनाच्या वरताण. स्टॅटिक लायब्ररी ऑब्जेक्ट फाइलच्या आधी लिहिली, की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ठरलेला. ती समोर आली तेव्हा कुणी काही मागितले नव्हते. मागणी नंतर आली, पण आपण मागे वळून पाहत नाही. फाइल डिस्कवर आहे, फंक्शन फाइलीत आहे, क्रम तेवढा चुकला!

पूर्वी आपण इतके कडक नव्हता. ‘एक्स्टर्न’ न लावता हेडरमध्ये टाकलेले व्हेरिएबल चार फायलींतून आले, तरी सगळी एकच समजून घेत होता. २०२० साली जीसीसी १० ने ही सवलत काढली आणि जुन्या कर्नलमधला डीटीसी (डिव्हाइस-ट्री कंपायलर) ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायएललॉक’ म्हणत कोसळला. कोडचे एक अक्षर बदलले नव्हते. खरे तर चूक कोडचीच होती. पण इतकी वर्षे खपवून घेतल्यावर एके दिवशी अचानक तत्त्वनिष्ठ व्हायचे, याला धैर्य लागते. लोक ‘-एफकॉमन’ देऊन वेळ मारून नेतात, ‘एक्स्टर्न’ लिहायचा कंटाळा.

आपला,
एक बिल्डग्रस्त

ता. क. : ‘सीसी१प्लस’ अर्ध्यात ‘किल्ड’ होतो, त्यात आपला हात नसतो. मेमरी संपली की तो बळी कर्नल घेतो. त्याला वेगळे पत्र धाडत आहे.