अर्थिंगवाले काका

भाईंदर पूर्वेच्या खारी गावात बैठी घरं आता मोजकीच उरलीत, इमारती मात्र भरपूर झाल्यात. इमारत म्हटली की पंप जळणार, लिफ्ट अडकणार, जिन्यातला दिवा जाणार. आणि यातलं काहीही झालं की इलेक्ट्रिशियनच्या आधी तिथे पोचणारे एक काका प्रत्येक इमारतीत असतातच. खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. उमेदीची सगळी वर्षं स्टील भांड्यांच्या गाळ्यांमधल्या पॉलिशच्या मोटारी रिवाइंड करण्यात गेलेली. निदान कायमचं ठरलेलं : "अर्थिंग नाही." पंख्याला अर्थिंग नाही, फ्रिजला नाही, सत्यनारायणाच्या पूजेत माइक केकाटला तर भटजींच्या बाजूला अर्थिंग नाही.

हे गृहस्थ अडाणी आहेत असं मात्र कुणी समजू नये. मोटार नुसती गुणगुणते पण फिरत नाही म्हटलं, की कपॅसिटर गेला हे ते दारातूनच सांगतात, आणि तो गेलेलाच असतो. पंचाईत सुरू झाली ती डिप्लोमाची पोरं मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड घरी आणू लागल्यावर. या यंत्राला ना गुणगुण, ना जळका वास. काकांची दोन मुख्य इंद्रियंच तिथे निकामी.

आमच्या मजल्यावरच्या मुलाने लॅमिंग्टन रोडवरून 'आर्डुइनो नॅनो'ची स्वस्त नक्कल आणली तेव्हा काका हजर होतेच. "फास्टने गेलास ना? ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही," ही चौकशी आधी झाली. मग करंगळीएवढा तो बोर्ड त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिला. मुलाने माहिती पुरवली : यातली चिप एटीमेगा३२८, स्मृती ३२ किलोबाइट, वेग १६ मेगाहर्ट्झ. हा प्रकार २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी निघाला आणि नाव पडलं तिथल्या एका बारवरून.

"बारवरून?" काका म्हणाले. "मग वेळेवर काय चालणार!"

पण ते चाललं. दाढीच्या मशीनची केबल काकांनीच आपल्या घरून आणून लावली, आणि बोर्डावरचा चिमुकला दिवा एक सेकंद लागून एक सेकंद विझू लागला. काकांनी केबलकडे, मग मुलाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "झाला तुझा प्रोग्राम!"

"पण काका, मी अजून प्रोग्राम पाठवलाच नाही."

पुष्कळ बोर्ड कारखान्यातूनच दिवा लुकलुकवण्याचा प्रोग्राम पोटात घेऊन येतात. पहिल्यांदा बोर्ड हाती घेणारा नेमका तोच प्रोग्राम लिहितो, लुकलुक बघतो आणि पेढे वाटतो. आपलं काही पोचलं का, हे कळायला वेग बदलून बघावा लागतो. मुलगा हुशार. त्याने १००० मिलिसेकंदांचे २०० केले आणि पाठवायचं बटण दाबलं. लॅपटॉपच्या पडद्याच्या तळाशी नारिंगी इंग्रजी मजकूर उमटला. दिवा आपल्या मूळच्या संथ चालीने लुकलुकत राहिला.

इथून काकांच्या मुद्रेवर तेज चढत गेलं. त्यांनी टेस्टर काढून बोर्डाच्या पिनेला लावला. पेटला नाही. "सप्लायच नाही!" आता टेस्टरातला निऑन पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात आणि हा बोर्ड जेमतेम पाच व्होल्टवर जगतो. शिवाय टेस्टरशेजारीच बोर्डावरचा दिवा लुकलुकत होता. काकांनी त्याची दखल घेतली नाही. दुसरं निदान हवेचं निघालं : "अरे, चहूकडे मिठागरं. खारा वारा. गंज चढला असणार." बोर्ड त्याच दिवशी दुपारी पाकिटातून निघाला होता. तिसरं निदान सांगायला नकोच. लॅपटॉपचं चार्जर दोन पिनांचं आहे हे काकांनी येतानाच हेरून ठेवलं होतं.

दरम्यान मुलाने नारिंगी मजकूर वाचला होता. लॅपटॉपला पोर्टच सापडत नव्हता. त्याने ड्रायव्हर टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला, सेमीकोलन तपासले. शेवटी चहा घेऊन आलेली त्याची आई टेबलाकडे बघत म्हणाली, "ती दाढीच्या मशीनची केबल ना? तिने नुसतं चार्ज होतं. काकांनी मागे मला दिली होती, फोटो काही गेले नाहीत मोबाइलमधून."

तेच होतं. यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. चार्जिंगच्या स्वस्त केबलीत निरोपाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. त्यामुळे बोर्ड जिवंत, पण ठार बहिरा. खोलीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "मी म्हटलंच होतं, वायरिंगमध्ये गडबड आहे." त्यांनी असं म्हटलेलं नव्हतं. पण आम्ही सगळ्यांनी चहा पिऊन घेतला.

केबल बदलताच पोर्ट दिसला. मात्र आता 'नॉट इन सिंक' अशी नवी तक्रार आली आणि काका पुन्हा खुर्ची पुढे ओढून बसले. या माणसांना यंत्र चालू व्हावं असं वाटत नाही असं नाही, पण बिघाड आहे तोवर त्यांना मान आहे. तो मिटला की ते नुसते दोन नंबरच्या खोलीतले निवृत्त शेजारी. मुलाला मात्र बोर्डाची ही खोड ठाऊक होती : नॅनोच्या स्वस्त नकलांत बहुधा जुना बूटलोडर, म्हणजे पाठवलेला प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम, असतो. त्याने यादीतून 'ओल्ड बूटलोडर' निवडून पुन्हा बटण दाबलं. बोर्डावरचे दोन छोटे दिवे क्षणभर थरथरले आणि तिसरा भराभरा लुकलुकू लागला, सेकंदाला दोनदाहून जास्त.

मुलगा उडालाच. आई हसली. काका बोर्डाकडे रोखून बघत होते. त्यांनी टेस्टर पुन्हा खिशातून काढला.

"फारच भराभर होतंय हे," ते म्हणाले. "व्होल्टेज जास्त येतंय, बाळा. थांब, खाली मीटरबॉक्स बघून येतो."