सोळा मिनिटांचं भरीत

धुळ्याच्या माणसानं जळगावात जाऊन भरिताविषयी तोंड उघडू नये, एवढी अक्कल मला होती. पण मार्गशीर्षात आमच्या कचेरीच्या जळगाव शाखेनं भरीत पार्टी ठेवली आणि तिथे हुद्द्यानं सगळ्यांत मोठा मीच निघालो. मग अक्कल वाटेत पारोळ्यालाच उतरून गेली असावी.

शेत आसोद्याच्या वाटेवर, एका सहकाऱ्याच्या काकांचं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. माणसं चाळीस, वांगी वीस किलो. हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, एकेक हातात धरलं तर मनगट वाकावं अशी. कुणीतरी दबकत विचारलं, “साहेब, जमंल ना?” मी म्हणालो, “अरे, २०१८ मध्ये विष्णू मनोहरांनी याच जळगावात अडीच हजार किलोचं भरीत केलं. आपलं वीस किलो म्हणजे काय!” मनोहर स्वयंपाक करतात आणि मी वसुलीची टिपणं काढतो, हा फरक त्या वेळी किरकोळ वाटला.

खरा घोटाळा त्याआधीच झाला होता. आदल्या आठवड्यात मी गाल्टन नावाच्या इंग्रज संशोधकाची हकिकत वाचली होती. प्लायमाउथच्या जत्रेत एका बैलाचं मांस किती भरेल यावर पैज लागली. लोकांच्या ७८७ चिठ्ठ्या त्यानं तपासल्या. खरं वजन ११९८ पौंड, आणि चिठ्ठ्यांतला मधला आकडा १२०७. फरक अवघा नऊ पौंडांचा. १९०७ साली त्यानं हे छापलं, आणि मी ते पान दुमडून ठेवलं. चारचौघांना विचारून आकडा काढला की काम फत्ते, असा त्याचा अर्थ मी लावला.

शेतात पोहोचल्याबरोबर कामं वाटली. लेखा विभागाकडे जाळ. कालच रुजू झालेल्या पोराकडे मिरच्या-लसूण. मजबूत दंडाच्या दोघांकडे लाकडी बडगीत वांगी ठेचायचं काम. आप्पांचं काय करावं सुचेना, म्हणून त्यांना सल्लागार केलं. कचेरीत सल्लागार म्हणजे ज्याला खुर्ची द्यायची आणि विचारायचं नाही असा माणूस. आप्पांना खुर्ची मिळाली. बांधावर, जाळापासून वीस पावलांवर.

मग मी सभा घेतली. वांगी किती वेळ भाजायची? एकानं पाच मिनिटं सांगितली. त्याच्या घरी मायक्रोवेव्ह आहे. एकानं यूट्यूब पाहून तीस. दोघांनी दहा-दहा, दुसऱ्यानं पहिल्याचं ऐकून. पुढे बारा, वीस, पंचवीस. आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, “आकडा नही सांगता येत, भो. पाहूनच समजतं.” मी त्यांचं मत कोरं धरलं. बेरीज ११२, भागिले सात, सोळा मिनिटं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला आपला आकडा त्यात थोडाथोडा आल्यासारखा वाटत होता.

मोबाइलवर गजर लावला. कपाशीच्या काड्यांचा जाळ भसकन उठतो आणि तितक्याच लगबगीनं बसतो, हे मला नवं होतं. मधली वांगी तिसऱ्या मिनिटाला काळी झाली, कडेची अकराव्या मिनिटालाही हिरवीच. कुणीतरी म्हणालं, “फिरवू का?” मी म्हणालो, “सोळा होऊ दे.” चौदाव्या मिनिटाला पहिलं वांगं फुटलं. भाजण्याआधी त्याला टोचे मारावे लागतात, हे या जिल्ह्यात दहा वर्षांचं पोर सांगतं. पण सभेत तो प्रश्नच नव्हता. दुसरं फुटलं तेव्हा मी बांधावर, आप्पांच्या खुर्चीमागे होतो. लेखा विभाग केळीच्या बागेत होता.

या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे मी जाळलं ते नुसतं वांगं नव्हतं.

सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट वेगळीच. आदल्या रात्री जेवताना याच लोकांपुढे मी धुळ्याची फुशारकी मारली होती. आमच्या पांझरेवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत शेकडो वर्षांची. तिथे जमीन कुणाचीही असो, पाणी भरणार पाटकरी. मालकानं मधे हात घालायचा नाही, कारण कुठल्या वाफ्याला किती लागतं हे पाटकऱ्याला कळतं. “याला म्हणतात व्यवस्था!” असं मी ताटावर मूठ आपटून म्हणालो होतो. आमटी सांडली होती.

पोत्यात चार-पाच किलो वांगी उरली होती. आप्पा उठले. काठीनं निखारे पसरले, वांग्यांना तेलाचा हात लावला, टोचे मारले. मी शेजारी उकिडवा बसून विचारत होतो: आता का फिरवलं? हे आधी का काढलं? ते वांगं देठापाशी दाबून बघायचे आणि म्हणायचे, “हे झालं.” कसं कळलं म्हणालो, तर माझ्याकडे असे बघायचे, जणू मी श्वास कसा घेता म्हणून विचारलंय. शेवटी एवढंच म्हणाले, “मघाशी माझी खुर्ची इतकी लांब नसती, तर वांगं दाबून दाखवलं असतं.”

चाळीस माणसांना प्रत्येकी दोन घास भरीत आलं. पोट कळण्याच्या भाकरीनं आणि कढीनं भरलं. घरी येऊन गाल्टनचं पान पुन्हा उघडलं. त्यानं सरासरी घेतलीच नव्हती, मधला आकडा घेतला होता. त्या हिशेबानं आमची बारा मिनिटं निघत होती. चिठ्ठी टाकणाऱ्यांत खाटीक होते, शेतकरी होते, आणि प्रत्येकानं सहा पेन्स मोजले होते, हेही त्याच पानावर होतं.

यंदाच्या पार्टीची कामं ग्रुपवर आली आहेत. माझ्या नावापुढे ‘केळीची पानं पुसणे’ असं आहे. ओल्या फडक्यानं की कोरड्या, असं मी लगेच विचारलं. अकरा उत्तरं आली. आप्पा मोबाइल वापरत नाहीत.