स्टेशनपासून दोन मिनिटं

आमच्या घराण्यात मुक्कामाची जागा एकाच कसोटीवर ठरते: स्टेशनपासून किती लांब? ही कसोटी आजोबांनी घालून दिली. हमालाशी घासाघीस करताना त्यांचं डोकं तापायचं, आणि एकदा तापलं की देवदर्शन होईपर्यंत उतरायचं नाही. पुढे हमाल गेले, बॅगांना चाकं आली, आजोबाही गेले, कसोटी राहिली.

त्यामुळे स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या दरीतल्या एका हॉटेलाच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून दोन मिनिटं’ हे शब्द दिसताच घरात एकमत झालं. आमच्याकडे एकमत फार टिकत नाही. मुलीने नकाशा उघडला आणि विचारलं, ‘‘कुठल्या स्टेशनपासून?’’

इथे दरीची रचना सांगायला हवी. तळाशी लाउटरब्रुनेन, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटरवर. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि त्यांवरून धबधबे. त्यातला श्टाउबबाख जवळजवळ 300 मीटर कोसळतो. 1779 साली ग्योथे तिथे आला आणि त्याने कविता केली. पूर्वेच्या कड्यावर वेंगेन, 1274 मीटर. पश्चिमेच्या कड्यावर म्यूरेन, 1638 मीटर, आणि त्याच्या खालच्या अंगाला गिमेलवाल्ड, शे-सव्वाशे वस्तीचं. वेंगेनला दातेरी रुळांवरची गाडी जाते. म्यूरेनला मात्र दोन दारं आहेत. एक म्हणजे लाउटरब्रुनेनहून रोपवेने ग्रुट्शाल्पला चढायचं आणि तिथून छोट्या आगगाडीने गावाच्या एका टोकाला उतरायचं. दुसरं म्हणजे श्टेखेलबर्गहून रोपवेने थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला. 2024च्या डिसेंबरात तिथे नवा रोपवे सुरू झाला. त्याचा चढ 159 टक्के. आता गावाच्या या टोकाचं हॉटेलही ‘दोन मिनिटं’ लिहितं आणि त्या टोकाचंही. दोघंही खोटं बोलत नाहीत. आपण चुकीच्या टोकाला उतरलो, तर बॅगा ओढत सगळं गाव बघून होतं, हा त्यातला फायदा.

‘‘टॅक्सी करू,’’ मेहुणे म्हणाले. मेहुणे बँकेतून निवृत्त झालेत आणि प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे टॅक्सी हा तोडगा असतो.

पण म्यूरेनला मोटार जात नाही, वेंगेनलाही नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. माथेरानला आपण वर्षानुवर्षं दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून धूळ खात चालतोच. तिथे घोडा मिळतो, इथे हॉटेलची विजेवर चालणारी ढकलगाडीएवढी गाडी बॅगा न्यायला येते. तिच्यात माणसांनी बसायचं की नाही, हे हॉटेलवर अवलंबून. माथेरानची मिनी ट्रेन 1907 सालची आणि म्यूरेनची 1891 सालची, हे कळल्यावर मेहुणे जरा गप्प झाले. माथेरानचा अपमान त्यांना सहन होत नाही.

मग खर्च. स्विस फ्रँकचा भाव शंभर रुपयांच्या पुढे गेल्याने आपलं मोठं नुकसान झालंय. पूर्वी गुणाकार करताना माणूस दमून जायचा आणि त्या थकव्यात पैसे देऊन मोकळा व्हायचा. आता नुसती दोन शून्यं लावायची आणि लगेच छातीत धडधडायचं. त्यात एकाच हॉटेलात, एकाच मजल्यावर, डोंगराकडच्या खोलीला एक दर आणि गावाकडच्या खोलीला दुसरा. ‘‘ढग आले आणि डोंगर दिसला नाही, तर वरचे पैसे परत देतात का?’’ मेहुण्यांनी विचारलं. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा प्रश्न. कुणालाच उत्तर देता आलं नाही.

माझं मत मी तिथे मांडलं. डोंगर बघायचा असेल तर समोरच्या डोंगरावर राहावं. युंगफ्राउयोखला, म्हणजे 3454 मीटरवर, आगगाडीने जाऊन माणूस युंगफ्राउच्या खांद्याशी उभा राहतो आणि तिथून तिचा चेहरा काही नीट दिसत नाही. म्यूरेनहून मात्र आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ तिघं ओळीने दिसतात, तेही चहा पिता पिता. शिवाय युंगफ्राउयोखच्या तिकिटाचे पैसे वाचतात. हे शेवटचं वाक्य मी हळू म्हणालो होतो, पण मुलीने ऐकलं.

‘‘अहो, पण धुणं कुठे वाळेल?’’ बायको म्हणाली.

हसू नये. ही कसोटी माझ्या डोंगरापेक्षा जास्त खोल आहे. लाउटरब्रुनेन दोन कड्यांच्या मध्ये असल्याने तिथे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. हिवाळ्यात तर विचारू नका. म्यूरेनचं तोंड पूर्वेकडे, तिथे सकाळ चांगली. वेंगेन नैऋत्येकडे तोंड करून बसलंय, म्हणजे दुपारचं कडक ऊन तिकडे. माझ्या म्यूरेनचा पराभव असा दोरीवर झाला. स्वित्झर्लंडमधल्या पुष्कळ घरांत रविवारी मशीन लावत नाहीत, हे मी हत्यार म्हणून काढून पाहिलं. ‘‘शनिवारी लावू,’’ ती म्हणाली.

आता हॉटेल की स्वयंपाकघराचं घर, एवढाच प्रश्न उरला. हॉटेलच्या बाजूने मी बोललो. ‘हाफ बोर्ड’ घेतलं की सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळतं. मात्र हे रात्रीचं जेवण साडेसहा-सातला सुरू होतं आणि पुष्कळ ठिकाणी नऊच्या आत चूल विझते. आमच्याकडे त्या वेळेला भाजी निवडायला घेतात. जेवणात शाकाहारी माणसाला बटाट्याचा रोश्टी आणि चीजचं फोंड्यू. फोंड्यूत पांढरी वाइन असते, वर चेरीची दारूही घालतात, हे आत्याला कोण सांगणार? आत्या चतुर्थी करते. शिवाय तिला फोंड्यू आवडलं असतं आणि तिने कृती विचारली असती, ही भीती वेगळी.

पलंगांचा मुद्दा चर्चेत आला नाही, पण मनात सर्वांच्या होता. तिकडे डबल बेड म्हणजे बहुधा शेजारी शेजारी दोन गाद्या आणि प्रत्येकाची स्वतंत्र दुलई. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला यात फक्त शहाणपण दिसतं. मेहुण्यांनी ते चित्र जरा जास्त वेळ पाहिलं आणि ताईने लॅपटॉप बंद केला.

गिमेलवाल्डचं नाव मुलीने काढलं. तिथे दुकानदाराविना चालणारं दुकान आहे. वस्तू घ्यायची, पैसे ठेवायचे, निघायचं. मेहुणे म्हणाले, ‘‘आणि सुट्टे नसले तर?’’ गिमेलवाल्ड तिथेच संपलं.

शेवटी वेंगेनमधलं लाकडी घर नक्की झालं. दोन खोल्या, बाल्कनी, बाल्कनीत लाल जिरेनियम आणि ऊन. मालकीणबाईंनी नियमांची यादी पाठवली आणि मुलीने ती मोठ्याने वाचली. बूट दाराबाहेर काढावेत. रात्री दहानंतर आवाज नको, आंघोळही शक्यतो नको. कचरा फक्त गावाने ठरवलेल्या, विकत घेतलेल्या पिशवीतच टाकावा. काचेच्या बाटल्या रविवारी टाकू नयेत, कारण आवाज होतो. घर लाकडाचं आहे, धुराची घंटा नाजूक आहे. तळणं-परतणं झाकण ठेवून, खिडकी उघडून करावं. माणशी, रात्रीगणिक पाहुण्यांचा कर वेगळा. जाताना भांडी घासून, कचरा काढून, घर झाडून जावं. आणि शेवटच्या सफाईचे पैसे वेगळे.

मेहुणे उठून उभे राहिले. आपणच झाडायचं आणि सफाईचे पैसेही आपणच द्यायचे, हे कुठल्या हिशोबात बसतं? बायकोला फोडणीची काळजी पडली. मोहरी तडतडताना झाकण ठेवता येतं, पण हिंगाला कोण आवरणार? मला परत म्यूरेन दिसायला लागलं.

आत्या मात्र डोळे मिटून शांतपणे ऐकत होती. सदाशिव पेठेतल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तिने आयुष्यभर पेइंग गेस्ट मुलं ठेवली. तिच्या जिन्यात लावलेला कागद एकाहून अधिक पिढ्यांनी पाठ केलाय.

‘‘संपली यादी?’’ तिने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘पायपुसणं गॅलरीतून झटकू नये, हे राहिलंय. दिवे मालवून बाहेर पडावं, तेही नाही. पण एकंदरीत बाई शहाणी दिसते. घ्या तिथेच.’’

‘‘आत्या, पण सफाईचे...’’ मेहुण्यांनी सुरुवात केली.

‘‘अहो, तुम्ही झाडलेलं तिला पसंत पडणार आहे का? परत झाडायला लागणारच तिला. त्याचे पैसे ते.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अरे, तेवढं बघ, भाडं आगाऊ मागितलंय का? नसेल तर बाई जरा कच्ची आहे.’’

मागितलं होतं. पूर्ण.