कमानीआधी माळी

बागेसाठी निधी आला की सगळ्यात आधी कमान उभी राहते. मग कारंजे, मग शहराच्या नावाचा दिव्यांचा सेल्फी पॉइंट, मग पेव्हर ब्लॉक. पिण्याच्या पाण्याचा नळ शेवटी, तोही पैसे उरले तर. माळी मात्र आराखड्यात कुठेच नसतो. लहान शहरांतल्या बागांचे दुखणे या क्रमात आहे. २०२० मध्ये साताऱ्याची हद्द वाढली. शाहूपुरी, विलासपूर शहरात आले. तिथे बागा लागणार, डोंगरावरच्या वाटाही सुधारा म्हणून मागणी होणार. तेव्हा हा क्रम आत्ताच उलटा करून मागू या.

असे का होते? बाग बांधायला पैसा मिळतो. जिल्हा नियोजन समिती देते, आमदार-खासदार निधी असतो, २०१५ साली आलेल्या 'अमृत' योजनेत तर अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम उद्यानांवर खर्च करता येत होती. बाग सांभाळायला कुणी सहसा रुपया देत नाही. तो नगरपालिकेने घरपट्टीतून उभा करायचा. त्यात आस्थापना खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा शासनाचा दंडक. मग माळी निवृत्त झाला की जागा रिकामी राहते आणि ठेका निघतो. ठेकेदाराचा माणूस येतो, गवत कापतो, जातो. कुठल्या झाडाला खोडकिडा लागलाय, पाण्याचा कुठला व्हॉल्व्ह कुठे गाडला गेलाय, हे त्याला ठाऊक होईपर्यंत माणूसच बदललेला असतो.

माळी म्हणजे काय, ते एकदा जवळून बघा. उतारावरच्या रोपाला आळे करताना जुना माळी गोल खड्डा खणत नाही. तो अर्धा चंद्र काढतो आणि मातीचा काठ उताराच्या खालच्या अंगाला चढा ठेवतो, म्हणजे वरून आलेले पाणी मुळाशी थांबते. मग वाळका पाला पसरतो, त्यावर दोन दगड ठेवतो. हे सगळे पाच मिनिटांत, न बोलता. हे कुठल्याही टेंडरमध्ये लिहिलेले नसते आणि लिहून येतही नाही. त्या पाच मिनिटांवर रोप मे महिना काढते.

म्हणून पहिली मागणी: बांधकामाच्या अंदाजपत्रकाशेजारी दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि तो कुठून येणार हे लिहिलेले नसेल, तर त्या बागेचा ठराव मंजूर करू नका. बाग लहान ठेवा, पण माणूस ठेवा. एक एकराची राखलेली बाग पाच एकरांच्या उजाड बागेपेक्षा शहराच्या जास्त कामाची.

आता पेव्हर ब्लॉक. झाडाच्या बुंध्याला घट्ट आवळून फरशी बसवायची, वर त्याला पांढरा-तांबडा रंग द्यायचा, याला आपण सुशोभीकरण म्हणतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले. कारण साधे आहे: मुळांना पाणी लागते आणि हवाही. मुळे गुदमरली की झाड उभे दिसते, पण वळवाच्या पहिल्या वाऱ्यात आडवे होते. मग कुणाच्या तरी गाडीवर पडते आणि 'धोकादायक झाडे' म्हणून शेजारच्या चार झाडांवर कुऱ्हाड चालते. एक मीटर माती मोकळी सोडायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

आणि बागेचे कुलूप. कित्येक शहरांत बागा सकाळी उघडतात, अकराच्या सुमारास बंद होतात आणि चारनंतर पुन्हा उघडतात. ज्या वेळी सावली लागते नेमक्या त्याच वेळी सावलीला कुलूप. बाजाराला आलेली म्हातारी, दोन पाळ्यांमधला रिक्षावाला, एसटीची वाट बघणारी कॉलेजची मुलगी, दिवसभर पार्सले वाटणारा पोरगा यांनी दुपारी कुठे बसायचे? भर दुपारी बाग उघडी ठेवा. बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा, आणि त्यालाही कुलूप नको. ते साफ करणाऱ्या बाईचा पगार त्याच अंदाजपत्रकात धरा. स्वच्छतागृह नसले की बायका तासाभरात घरी जातात, आणि बाग आपोआप पुरुषांची होते. घसरगुंडीखाली फरशी न घालता फूटभर वाळू टाका. पोर पडणारच आहे.

खरा ऐवज मात्र डोंगरावर आहे. साताऱ्याइतके नशीबवान शहर शोधून सापडणार नाही. पेठेतून निघालेला माणूस नाश्त्याच्या आत अजिंक्यताऱ्यावर जाऊन परत येतो. हा तो किल्ला, ज्याच्यापुढे औरंगजेबाची फौज १६९९-१७०० मध्ये महिनोन् महिने तळ ठोकून बसली होती, आणि १७०८ साली जिथे शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. 'चार भिंती' या वास्तूपाशी उभे राहिले की अख्खे शहर पायाखाली. पश्चिमेला यवतेश्वरचा घाट, तिथे दरवर्षी हिल मॅरेथॉन धावते. ज्या शहराची पहाट डोंगरावर उजाडते, त्याने वेगळा जॉगिंग ट्रॅक कशाला बांधायचा? आहे त्या वाटा नीट करा.

पण नीट करणे म्हणजे पायऱ्या आणि काँक्रीट नव्हे. डोंगरवाटेचा शत्रू पाणी आहे. सरळ वर चढणारी वाट पावसात ओढा होते. मुरूम वाहून जातो, दगड उघडे पडतात, माणसे बाजूने चालू लागतात आणि दोन पावसाळ्यांत एका वाटेच्या तीन घळी होतात. काँक्रीटच्या पायऱ्या केल्या की पाणी त्यांच्या कडेने खणत जाते, आणि उतरताना साठीच्या माणसाचे गुडघे बोलू लागतात. वाटेचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त ठेवू नये, हा वाटा बांधणाऱ्यांचा जुना आडाखा. वाट आडवी न्यायची, वळणे घ्यायची, बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठेवायची. मधूनमधून ती चार पावले खाली उतरवून पुन्हा चढवायची, म्हणजे पाणी तिथेच बाहेर पडते. वळणावर चार-पाच मोठे दगड तिरपे पुरले की तोच पाणवळ. याला लागतात पहार, फावडे आणि डोंगराचे पाणी ओळखणारी गावची माणसे. हे काम मेमध्ये करायचे आणि जुलैच्या भर पावसात छत्री घेऊन बघायला जायचे, पाणी कुठून पळतेय ते. आराखडा करणाऱ्या सल्लागाराला भर पावसात वाट चालायला लावल्याशिवाय त्याचे बिल काढू नका.

किल्ल्यावर जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर पहाटे माणसे चालतात आणि त्यांच्या कोपराला घासून दुचाक्या वर जातात. पहाटे पाच ते आठ गाड्या बंद ठेवा. ज्यांना चालता येत नाही त्यांना आणि वर ज्यांचे काम आहे त्यांना सवलत द्या. एक फाटक आणि एक पहारेकरी, एवढाच खर्च.

वृक्षारोपणाचेही बोलू. जुलैत मंत्र्यापासून शाळेपर्यंत सगळे रोप लावतात, मार्चमध्ये वणवा लागतो. साताऱ्याभोवतीचे डोंगर उन्हाळ्यात कसे पेटतात, हे आपण गच्चीवरून पाहिलेले आहे. पावसाळा संपल्यावर आग अडवणारी जाळरेषा काढली नाही, तर ते रोप वणव्याचेच. ज्या संस्थेला जुलैत डोंगराची बाजू हवी असते, तिला डिसेंबरात त्याच बाजूची जाळरेषाही द्या. आणि झाडे इथली लावा: पांगारा, काटेसावर, बहावा, करंज. माथ्यावरच्या गवतात मात्र खड्डे घेऊ नका. गवताळ माथा ही रिकामी जागा नव्हे. कास पठारावर फुले वाचवायला कुंपण घातले, गुरे थांबली, दुसरे गवत माजले, फुले कमी दिसू लागली आणि शेवटी ते कुंपण काढावे लागले. जागतिक वारशाच्या पठारावर हा धडा मिळाला, तो इतर माथ्यांवर पुन्हा कशाला गिरवायचा?

राहिल्या उपनगरांतल्या जागा, आणि इथे घाई आहे. ०.४ हेक्टरच्या किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. कागदावर ती असते, प्रत्यक्षात तिथे वाळूचा ढीग, कुणाची तरी पार्क केलेली जीप आणि कोपऱ्यात रातोरात उगवलेले देऊळ असते. विकास आराखड्यातल्या उद्यानाच्या आरक्षणाचे तर घड्याळच चालू असते. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत की आरक्षण जाते. जागा गेली की गेली. तिथे इमारत उभी राहिल्यावर मोर्चा काढून काही होत नाही.

फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची सभा असते. त्याआधी आपापल्या नगरसेवकाला गाठा आणि तीन कागद मागा: प्रभागातल्या मोकळ्या जागांची सात-बारासकट यादी, उद्यानांच्या प्रत्येक आरक्षणाची मुदत संपण्याची तारीख, आणि नगरपालिकेकडे आज कामावर असलेल्या माळ्यांचा आकडा. दिले नाहीत तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते हातात आले की कमानीच्या ठरावावर बोलायला सभागृहात जाऊ.